विश्लेषण : बर्टा बोबाथ कोण होत्या? सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या फिजिओथेरपीत त्यांनी काय बदलले आणि त्यातले आज काय उरले?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला घेऊन आईवडील पहिल्यांदा फिजिओथेरपी केंद्रात जातात, तेव्हा एनडीटी ही तीन अक्षरे त्यांच्या कानावर हमखास पडतात. थेरपिस्टच्या प्रमाणपत्रावर, केंद्राच्या पाटीवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती दिसतात. एनडीटी म्हणजे न्यूरोडेव्हलपमेंटल ट्रीटमेंट. तिचे दुसरे नाव बोबाथ पद्धत. हे आडनाव आहे बर्लिनमध्ये जन्मलेल्या, नाझींच्या राजवटीमुळे लंडनला आलेल्या आणि सुरुवातीला फिजिओथेरपीची पदवीही नसलेल्या एका जिम्नॅस्टिक्स शिक्षिकेचे. बर्टा बोबाथ यांनी या मुलांच्या उपचाराची दिशा बदलली. मात्र त्यांच्या पद्धतीमागचा सिद्धांत पुढच्या संशोधनात टिकला नाही आणि त्या हयात असतानाच एका मोठ्या अभ्यासाने तिच्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. मग बर्टा यांचे योगदान नेमके कोणते? आणि आज मुलाला उपचारांसाठी नेणाऱ्या पालकांनी त्यातून काय घ्यावे?

सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय?

बाळाचा मेंदू घडत असताना, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात त्याला इजा झाली, तर शरीराच्या हालचाली आणि तोल यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हजार बालकांमागे साधारण दोन-तीन बालकांमध्ये ती आढळते. मेंदूतली इजा वयाबरोबर वाढत नाही, पण मूल वाढते तसे तिचे शरीरावरचे परिणाम बदलत जातात.

सर्वाधिक आढळणारा प्रकार स्पॅस्टिक. त्यात स्नायू ताठर होतात. बाळाला उचलले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा वर राहतात, मुठी आवळलेल्या असतात. काही मुलांमध्ये एकच बाजू, काहींमध्ये दोन्ही पाय, तर काहींमध्ये चारही हातपाय बाधित असतात. दुसऱ्या एका प्रकारात इच्छा नसताना हालचाली होत राहतात. यातल्या अनेक मुलांची बुद्धी शाबूत असते. सांगायचे असते, पण जीभ आणि ओठ साथ देत नाहीत.

बर्टा यांची सुरुवात कुठून झाली?

बर्टा ओटिली बुसे यांचा जन्म ५ डिसेंबर १९०७ रोजी बर्लिनमध्ये झाला. १९२०च्या दशकात त्यांनी तिथल्या अॅना हेरमान यांच्या शाळेत जिम्नॅस्टिक्सचे शिक्षण घेतले आणि पुढे त्याच शाळेत शिकवू लागल्या. इथे जिम्नॅस्टिक्स म्हणजे स्पर्धेतल्या उड्या आणि कोलांट्या नव्हेत. त्या काळच्या जर्मनीत शरीर कसे हलते, कुठे ताण येतो, तो सैल कसा करायचा, एका हालचालीतून दुसरी कशी निघते, याचा बारकाईने अभ्यास करणारी व्यायामाची एक परंपरा होती. बर्टा तिच्यात घडल्या. शरीराकडे पाहून आणि हाताने स्पर्श करून ताण ओळखण्याची सवय त्यांना तिथे लागली. पुढे आयुष्यभर त्यांचे हेच भांडवल होते.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि बर्लिनमधल्या ज्यूंचे आयुष्य उलटेपालटे झाले. बर्टा यांचे शिकवणेही त्याच वर्षी थांबले. १९३८ मध्ये त्या लंडनला आल्या.

त्यांचे भावी पती कारेल बोबाथ यांचा जन्मही बर्लिनचाच, १९०६ सालचा. दोघांची ओळख तरुणपणापासूनची. कारेल यांनी बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. नाझी आल्यावर ते चेकोस्लोव्हाकियात गेले. तिथे प्राग विद्यापीठाची पदवी त्यांना नव्याने मिळवावी लागली. ब्रनो शहरात त्यांनी लहान मुलांच्या रुग्णालयात काम केले. १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या, त्याच वर्षी कारेल लंडनला पोहोचले. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केले. परका देश, परकी भाषा आणि डोक्यावर युद्ध, अशा परिस्थितीत त्यांचा संसार सुरू झाला.

त्या काळी उपचार कसे होत?

सेरेब्रल पाल्सीला वैद्यकशास्त्रात ओळख मिळवून दिली ती लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी, १९व्या शतकात. बराच काळ या अवस्थेला लिटलचा आजार असेच म्हटले जाई. पण बर्टा लंडनला आल्या तोपर्यंत, म्हणजे जवळपास १०० वर्षे उलटून गेल्यानंतरही, उपचार मुख्यतः हाडे आणि स्नायूंपुरतेच होते. आखडलेला स्नायू ताणायचा, पायाला लोखंडी पट्ट्यांचे बूट लावायचे, मालिश करायची आणि गरज पडली तर शस्त्रक्रियेने स्नायूबंध सैल करायचा. एकेक स्नायू सुटा घेऊन त्याचा व्यायाम करून घेतला जाई.

यामागे एक समजूत होती. मेंदूला इजा झाली आहे, म्हणजे ताठरपणा आता कायमचा, त्यात बदल होणार नाही. म्हणून जे निरोगी आहे ते बळकट करायचे आणि जे आखडले आहे ते ताणून धरायचे. बर्टा यांनी या समजुतीलाच हात घातला.

एका चित्रकाराच्या उपचारातून काय हाती लागले?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्टा यांच्याकडे एक रुग्ण आला. सायमन एल्वेस हे ब्रिटनमधले नावाजलेले व्यक्तिचित्रकार होते. पक्षाघातामुळे त्यांच्या शरीराची उजवी बाजू लुळी पडून नंतर ताठर झाली होती. चित्रकाराचा उजवा हात गेला होता.

बर्टा यांच्याकडे पक्षाघाताच्या उपचाराचे ठरलेले प्रशिक्षण नव्हते. त्यामुळे ठरलेल्या पायऱ्याही नव्हत्या. त्यांनी आपल्याला येत होते तेच केले. रुग्णाच्या शरीराकडे नीट पाहिले, हात लावून ताण कुठून सुरू होतो ते शोधले आणि स्थिती बदलून पाहिली. त्यांच्या लक्षात आले की आखडलेला हात थेट ओढला तर तो आणखी आखडतो. पण खांदा आणि धड विशिष्ट पद्धतीने फिरवले, की तोच हात सैल पडतो. म्हणजे ताठरपणा दगडासारखा स्थिर नव्हता. शरीर कोणत्या स्थितीत आहे, कसे हलवले जात आहे, यानुसार तो कमी-जास्त होत होता.

आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा ती रूढ समजुतीच्या विरुद्ध होती. एल्वेस यांच्यात सुधारणा झाली. पुढे त्यांनी डाव्या हाताने चित्रे काढण्याचा सराव केला आणि ते पुन्हा व्यक्तिचित्रे रंगवू लागले. बर्टा यांना मात्र आयुष्यभराच्या कामाचा धागा मिळाला.

मोठ्यांकडून लहान मुलांकडे

१९४०च्या दशकात बर्टा लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या प्रिन्सेस लुईस बाल रुग्णालयात काम करू लागल्या. तिथे सेरेब्रल पाल्सी असलेली मुले होती. चित्रकाराच्या बाबतीत जे दिसले, तेच या मुलांमध्ये दिसते का, हे त्या तपासू लागल्या. मुलाच्या खांद्यावर, कमरेवर, डोक्याच्या मागे हात ठेवून त्याला वेगवेगळ्या पद्धतींनी हलवल्यावर स्नायूंचा ताण बदलत होता. हातापायांपेक्षा खांदा, कंबर, मान अशा मध्यवर्ती ठिकाणांहून साऱ्या शरीराच्या हालचालीवर नियंत्रण मिळवता येते, हे त्यांना जाणवले. या ठिकाणांना त्यांच्या पद्धतीत की पॉइंट म्हणतात.

१९४८ मध्ये त्यांचा या उपचारावरचा लेख एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. तरीही कागदोपत्री त्या अजून फिजिओथेरपिस्ट नव्हत्या. १९५० मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी ती पात्रताही मिळवली. दुसऱ्याच वर्षी, १९५१ मध्ये, पती-पत्नींनी लंडनमध्ये वेस्टर्न सेरेब्रल पाल्सी सेंटर सुरू केले. पुढे ते बोबाथ सेंटर या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. तिथल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी अनेक देशांतून थेरपिस्ट येऊ लागले आणि परत जाऊन आपल्या देशात ही पद्धत वापरू लागले.

कारेल यांची भूमिका काय होती?

बर्टा हाताने जे करत होत्या, ते का घडते याचे उत्तर शोधण्याचे काम कारेल यांनी केले. ते डॉक्टर होते. हर्टफर्डशायरमधल्या हार्परबरी रुग्णालयात त्यांनी नोकरीही केली. मज्जासंस्थेवरचे तेव्हाचे संशोधन त्यांनी अभ्यासले आणि त्यातून एक मांडणी केली.

ती थोडक्यात अशी होती. मज्जासंस्था उतरंडीसारखी रचलेली असते. खालच्या थरात जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असतात. बाळ वाढते तसे मेंदूचे वरचे थर त्यांच्यावर ताबा मिळवतात. सेरेब्रल पाल्सीत हा ताबा येत नाही, म्हणून खालच्या थरातल्या क्रिया मोकाट राहतात आणि शरीर चुकीच्या पद्धतीने आखडते. यावर उपाय म्हणजे त्या क्रिया हाताने रोखायच्या आणि तोल सावरणे, मान सरळ ठेवणे यांसारख्या नैसर्गिक हालचाली मुलाच्या शरीराला जाणवून द्यायच्या. मुलाला योग्य हालचालीचा अनुभव मिळत गेला, की मेंदू ती शिकेल, अशी अपेक्षा होती.

१९६० आणि १९७०च्या दशकांत दोघांनी या विषयावर पुस्तके लिहिली. १९६५ मध्ये बर्टा यांचे मेंदूच्या इजेमुळे होणाऱ्या असामान्य प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक आले. १९७० मध्ये पक्षाघाताच्या प्रौढ रुग्णांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी ते अनेक वर्षे वापरले.

पद्धत कितीदा बदलली?

बर्टा यांच्या कामातला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग हा आहे. सुरुवातीच्या काळात त्या मुलांना ठरावीक स्थितींमध्ये धरून ठेवत. त्या स्थितीत ताठरपणा कमी होई. पण मूल त्या स्थितीतून बाहेर आले, की ताठरपणा परत येई. मूल शांत पडून राही, स्वतः काहीच करत नसे. हे लक्षात आल्यावर स्थिर स्थितींऐवजी मुलाला हलवत, त्याच्याकडून हालचाल करून घेत उपचार करण्याकडे त्या वळल्या.

दुसरा बदल विकासाच्या पायऱ्यांबाबत झाला. सर्वसाधारण बाळ आधी मान धरते, मग पालथे पडते, बसते, रांगते, उभे राहते. आपल्या मुलांनीही याच क्रमाने जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे रांगणे आल्याशिवाय उभे करायचे नाही, असे होई. नंतर त्यांना दिसले की या क्रमाला चिकटून राहण्यात मुलाची वर्षे जातात आणि रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असे फारसे काही हाती लागत नाही.

तिसरा बदल यातूनच आला. उपचाराच्या खोलीत मुलाची हालचाल सुधारते, पण घरी गेल्यावर ते स्वतःहून चमचा धरत नाही किंवा सदऱ्यात हात घालत नाही. मग त्या खोलीतल्या सुधारणेचा उपयोग काय? म्हणून उत्तरार्धात त्यांनी खाणे, कपडे घालणे, खेळणे अशा प्रत्यक्ष कामांशी उपचार जोडण्यावर भर दिला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात बोबाथ दाम्पत्याने आपल्या पद्धतीतल्या या बदलांचा आढावा घेतला आणि आधी कुठे कमी पडलो हेही त्यात मांडले. आपल्या नावाने जगभर शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीतल्या उणिवा छापील स्वरूपात मांडणे कोणत्याही क्षेत्रात दुर्मीळच.

अडचण अशी झाली, की बर्टा पुढे जात होत्या तेव्हा त्यांची पद्धत शिकून गेलेले अनेक जण त्यांनी मागे सोडलेल्या पायरीवरच राहिले. जिथे जो अभ्यासक्रम ज्या वर्षी पोहोचला, तिथे त्या वर्षीची बोबाथ पद्धत रुजली.

आईवडील उपचारात कसे आले?

त्याआधीच्या उपचारात पालकांचे काम मुलाला वेळेवर आणणे आणि बाहेर बाकावर बसणे एवढेच असे. बोबाथ यांच्या केंद्रात हे बदलले. थेरपिस्टच्या हाती मूल आठवड्यातून तासभर असते, उरलेला सारा वेळ ते घरी असते. मग त्याला उचलणे, भरवणे, अंघोळ घालणे, कपडे चढवणे हे सगळेच उपचाराचे भाग का होऊ नयेत, असा विचार त्यामागे होता.

या केंद्रात काम केलेल्या नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये पालकांसाठी लिहिलेले पुस्तक याच विचारातून आले आणि अनेक भाषांत पोहोचले. त्यातल्या सूचना घरगुती होत्या. उदाहरणार्थ, ज्या बाळाचे पाय एकमेकांवर चढतात, त्याला पाय जुळवून आडवे उचलण्यापेक्षा दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना येतील असे घ्यावे. आपल्याकडे आई बाळाला कडेवर घेते ती जवळपास हीच पद्धत. भरवताना मान मागे टाकू नये, मूल ताठर होत असेल तर हात ओढून कपडे घालू नयेत, अशा गोष्टी आज कोणताही थेरपिस्ट सांगतो.

त्याच काळात आणखी कोणत्या पद्धती होत्या?

बोबाथ पद्धत एकटी नव्हती. चेक डॉक्टर वाक्लाव्ह वोयटा यांनी १९५०च्या दशकापासून वेगळा मार्ग धरला. शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर दाब दिला, की बाळाच्या शरीरात रांगण्या-वळण्यासारख्या हालचाली आपोआप उमटतात, असे त्यांचे म्हणणे. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्यावर ते जर्मनीत गेले आणि त्यांची पद्धत तिथे पसरली.

बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो यांनी हा प्रश्न शिक्षणाच्या अंगाने पाहिला. मुले गटात, गाणी म्हणत, मोजणी करत, एकाच मार्गदर्शकाबरोबर चालणे, जेवणे आणि लिहिणे शिकत. ही पद्धत कंडक्टिव्ह एज्युकेशन म्हणून ओळखली जाते.

अमेरिकेत डोमन आणि डेलाकाटो यांची पॅटर्निंग पद्धत गाजली. त्यात तीन-चार मोठी माणसे मुलाचे हातपाय आणि डोके धरून रांगण्याची हालचाल दिवसातून अनेकदा करून घेत. अख्खी घरे आणि शेजारीपाजारी त्यात जुंपले गेले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीचे दावे सिद्ध झालेले नाहीत, असा इशारा एकापेक्षा अधिक वेळा दिला.

या पद्धतींचे मार्ग निरनिराळे असले, तरी लहान मेंदू शिकू शकतो, हा विश्वास सगळ्यांमागे होता. मात्र कोणती पद्धत खरोखर काम करते, हे मोजून पाहण्याचे काम बराच काळ झाले नव्हते.

१९८८च्या अभ्यासात काय आढळले?

ते मोजमाप १९८८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आले. दोन्ही पायांत ताठरपणा असलेली, १२ ते १९ महिने वयाची ४८ बाळे या अभ्यासात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला वर्षभर बोबाथ धर्तीची फिजिओथेरपी मिळाली. दुसऱ्या गटाला पहिले सहा महिने खेळ, वस्तू हाताळणे, बोलणे यांवर आधारलेला सर्वांगीण कार्यक्रम आणि नंतरचे सहा महिने फिजिओथेरपी मिळाली.

वर्षाच्या शेवटी दुसरा गट पुढे होता. त्यातली अधिक मुले चालत होती. ज्यांना जास्त फिजिओथेरपी मिळाली, ती मुले मागे राहिली. हा अभ्यास लहान होता, त्यावर आक्षेपही घेतले गेले. पण सेरेब्रल पाल्सी म्हटले की बोबाथ पद्धत, हे समीकरण त्यानंतर पूर्वीसारखे निर्विवाद राहिले नाही.

बर्टा यांचा शेवट

तोपर्यंत बर्टा ८० वर्षांच्या झाल्या होत्या. १९७८ मध्ये ब्रिटनने त्यांना एमबीई हा सन्मान दिला होता. निर्वासित म्हणून आलेल्या बर्टा तोपर्यंत ब्रिटिश फिजिओथेरपीतले सर्वांत परिचित नाव झाल्या होत्या. पक्षाघातावरच्या त्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती १९९० मध्ये निघाली.

२० जानेवारी १९९१ रोजी लंडनमध्ये बर्टा आणि कारेल या दोघांचे एकाच दिवशी निधन झाले. जवळपास ५० वर्षांचा संसार आणि तितकेच दीर्घ एकत्र काम त्या दिवशी थांबले.

त्यांच्यानंतर पद्धतीचे काय झाले?

पुढच्या काळात बोबाथ यांच्या सिद्धांताचे अनेक दुवे एकेक करून सैल झाले. मेंदूची रचना केवळ वरून खाली हुकूम सोडणाऱ्या उतरंडीसारखी नाही, तिचे अनेक भाग एकाच वेळी आणि कामानुसार एकत्र येऊन चालतात, हे स्पष्ट झाले. जोर लावल्याने ताठरपणा वाढतो, म्हणून मुलांकडून ताकदीचे व्यायाम करून घेऊ नयेत, असे बोबाथ पद्धतीत मानले जाई. १९९०च्या दशकातल्या अभ्यासांत ताकद वाढवणाऱ्या व्यायामांनी ताठरपणा वाढत नसल्याचे दिसले.

२००१ मध्ये एनडीटीवरच्या उपलब्ध अभ्यासांचा अमेरिकेत एकत्रित आढावा घेतला गेला. इतर उपचारांपेक्षा ती सातत्याने सरस ठरल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सेरेब्रल पाल्सीच्या ६४ उपचारांची सिग्नलच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा आणि लाल अशी वर्गवारी केली. त्यात मूळ स्वरूपातली एनडीटी लाल गटात गेली.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बोबाथ यांच्या नावाने सुरू झालेल्या संस्थांनीही पुढे नाव बदलले. आज त्या सेरेब्रल पाल्सी स्कॉटलंड आणि सेरेब्रल पाल्सी सिमरू या नावांनी काम करतात.

मग आज कशावर भर आहे?

हिरव्या गटातल्या उपचारांत एक समान धागा आहे. काम मूल स्वतः करते. मूल आणि पालक मिळून एक ठोस उद्दिष्ट ठरवतात, उदाहरणार्थ स्वतः पेला उचलून पाणी पिणे. मग त्याच कामाचा, शक्यतो घरातल्याच जागेत, भरपूर सराव केला जातो. याला उद्दिष्टाधारित प्रशिक्षण म्हणतात. एकच बाजू बाधित असलेल्या मुलाचा चांगला हात ठरावीक वेळ मोजा किंवा पट्टी घालून बांधून ठेवायचा आणि बाधित हाताला कामाला लावायचे, ही पद्धतही पुराव्याने टिकली आहे. दोन्ही हातांच्या एकत्रित सरावाचेही तसेच. थेरपिस्टने आखून दिलेला आणि पालकांनी घरी करून घेतलेला कार्यक्रमही याच गटात येतो.

१९९७ मध्ये कॅनडात तयार झालेल्या जीएमएफसीएस या पाच पातळ्यांच्या मोजपट्टीमुळे आणखी एक गोष्ट सोपी झाली. पहिल्या पातळीवरचे मूल आधाराशिवाय चालते, पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरायलाही मदत लागते. मूल कोणत्या पातळीवर आहे हे कळले, की पुढे काय अपेक्षित आहे आणि वेळ कशावर घालवावा याचा अंदाज येतो. जे मूल चालणार नाही, त्याच्यासाठी योग्य खुर्ची, संवादाचे साधन आणि शाळा हेच खरे उपचार असू शकतात. ताठरपणामुळे खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढणेही महत्त्वाचे मानले जाते.

महाराष्ट्रातल्या पालकांसाठी याचा अर्थ काय?

मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यांची मुलगी मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली आणणाऱ्या कामाची देशातली ती सुरुवात मानली जाते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी केंद्रे उभारली गेली. तिथे लहान मुलांची तपासणी आणि थेरपीची सोय असते. बाळ चार महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर थांबून न राहता तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात.

एनडीटी हे नाव आपल्याकडे अजूनही सर्वत्र आहे. या नावाखाली काम करणारे अनेक थेरपिस्ट आज उद्दिष्टाधारित सराव करून घेतात. काही ठिकाणी मात्र मूल गादीवर निजलेले असते आणि सगळी हालचाल थेरपिस्टचे हात करतात. पाटीवरून हा फरक कळत नाही. तो कळण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. पुढच्या तीन महिन्यांत मुलाला नेमके काय करता यावे, हे ठरले आहे का? थेरपीच्या वेळेत मूल स्वतः किती हालचाल करते? घरी रोज काय करायचे, हे पालकांना शिकवले जाते का? आणि ठरलेल्या मुदतीत फरक दिसला नाही, तर उपचार बदलले जातात का?

यातला शेवटचा प्रश्न बर्टा बोबाथ स्वतःला वारंवार विचारत राहिल्या. मुलांकडे पाहून त्यांनी आपलीच पद्धत किमान तीनदा बदलली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या उपचारांकडूनही पालकांनी तेवढीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही.